अण्णांचा कुंभक

आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये शिरलं की अण्णा श्वास रोखून धरत. सातव्या मजल्यावर दार बंद होताना छाती भरून घ्यायची, ती तळमजल्याचं दार उघडल्यावरच रिकामी करायची. मधल्या एखाद्या मजल्यावर जपानी आजी आत आल्या आणि वाकून सुप्रभात म्हणाल्या, तर अण्णा फुगलेल्या गालांनी नुसते वाकत. त्या आजींनी एकदा मला मुद्दाम थांबवून सांगितलं, की तुमचे सासरे फार शालीन आहेत, लिफ्टमध्ये अक्षरही बोलत नाहीत. मी ते अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "बोलणार कुठून? कुंभक चालू असतो ना."

सासूबाई गेल्यावर अण्णा दरवर्षी तीन महिने आमच्याकडे हिगाशी-कसाईला येऊन राहत. पुण्यात कुणी पत्ता विचारला तर मात्र नुसतं टोकियो म्हणून मोकळे होत. 'मुलगा कसाईत राहतो' म्हटलं की समोरचा माणूस पुढे काही विचारत नाही, अशी त्यांची तक्रार होती. इथे आले की दुसऱ्या दिवसापासून सकाळी समोरच्या बागेत त्यांचा प्राणायामाचा वर्ग सुरू. आमच्या भागात भारतातून मुलाकडे, मुलीकडे आलेल्या आईवडिलांची काही कमतरता नाही. ती सगळी मंडळी कानटोप्या घालून अण्णांसमोर बसत. पूरक म्हणजे घेणं, कुंभक म्हणजे धरणं, रेचक म्हणजे सोडणं. यातलं घेणं आणि सोडणं कुणालाही जमतं, खरा माणूस कळतो तो धरण्यात, हे अण्णांचं ठाम मत.

या मताचं मूळ वाईजवळच्या त्यांच्या गावच्या विहिरीत होतं. लहानपणी गावात कुणाची कळशी विहिरीत पडली की अण्णांना हाक जायची. छाती भरायची, नाक दाबायचं आणि खाली. काठावरच्या बायका "अगं बाई, पोरगं वर येईना," म्हणून रडकुंडीला आल्या की मग हे कळशी घेऊन वर येणार. ही गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगत आणि दर वेळी त्या बायका आणखी थोडा वेळ ताटकळत. पुढे ती विहीर बुजवली. "त्यानंतर तळाला हात लागला नाही माझा," हे वाक्य मात्र ते हळू आवाजात म्हणत.

मी दुभाष्याचं काम करते. जपानी साहेब आणि भारतीय इंजिनिअर यांच्यामध्ये बसून दोघांना एकमेकांचं म्हणणं सांगायचं. मोठी मीटिंग असली की आदल्या संध्याकाळपासून माझ्या छातीत धडधड सुरू होई. अण्णांच्या ते लक्षात आलं. चहाचा कप बाजूला ठेवून ते माझ्यासमोर मांडी घालून बसले. दोन बोटं आधी स्वतःच्या डोळ्यांकडे नेली, मग माझ्याकडे. "माझ्याकडे बघ. मी करतो तसं कर. बोलायचं नाही." मी केलं. त्यांना ते पसंत पडलं नाही. "तुझा रेचक अपुरा आहे, दुभाषीबाई. आत घेतेस आणि बसून राहतेस. सोड की." पुढे कित्येक सकाळी हेच. मी ऑफिसचे बूट घालत असायची, ते दारात उभे राहून डोळ्यांकडे बोटं नेत आणि लांब श्वास सोडून दाखवत. मला उशीर होत असायचा, म्हणून मी चिडायची. पण लिफ्टनं खाली उतरताना सोडायची.

दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटावरच्या सुट्टीची जाहिरात त्यांना स्टेशनजवळच्या ट्रॅव्हल एजंटच्या काचेवर दिसली. पाठीला टाकी बांधून, तोंडात नळी धरून माणसं निळ्या पाण्यात कासवांशेजारी तरंगत होती. "नळी लावून काय, कुणीही जाईल," असं म्हणून अण्णा पुढे चालू लागले, आणि थोडं चालून परत फिरले. साठीपुढच्या माणसाला डॉक्टरांचं पत्र लागतं असं कळल्यावर त्यांनी पुढच्या खेपेला पुण्याहून पत्र तर आणलंच, वर छातीचा एक्स-रेही आणला. तो खिडकीच्या उजेडात धरून आम्हाला दाखवला. "बघा, लोहाराचा भाता आहे की नाही?" आम्ही आहे म्हटलं.

ठरलं होतं ते असं. माझा नवरा प्रसाद आणि अण्णा पाण्यात जाणार, मी बोटीवर बसून भाषेचं बघणार. मला पोहता येत नाही आणि पाण्याची भीती वाटते. पण ओकिनावाला पोचल्या दिवशीच प्रसादचं नाक सर्दीनं चोंदलं. सर्दी असताना कानावर दाब येतो, त्याला नेता येणार नाही, असं आमच्या प्रशिक्षिका हिगा-सान यांनी हळू पण स्पष्ट सांगितलं. आणि या वयाच्या, जपानी न येणाऱ्या माणसाला एकटं नेणं त्यांना पसंत नव्हतं. त्याला समजावून सांगणारं ओळखीचं कुणी पाण्यात बरोबर हवं होतं. पोहता येण्याची गरज नव्हती, त्या दोघांनाही धरून ठेवणार होत्या.

पाण्यात उतरायचा तो घट्ट काळा पोशाख अण्णांनी आधीच अंगात चढवला होता. "राहू दे गं. कासवं काय, मत्स्यालयातही दिसतात," एवढं म्हणून ते चेन काढायला लागले. ती चेन पाठीला होती आणि त्यांचा हात तिथवर पोचेना. ते पाठमोरे, चाचपडणारे अण्णा मला बघवेनात. मी हो म्हणून बसले.

हिगा-सान यांनी किनाऱ्याजवळ कमरेएवढ्या पाण्यात उभं करून आम्हाला सगळं शिकवलं. ठीक असलं की बोटांचा गोल करायचा, नसलं की पंजा हलवायचा. आणि एक नियम त्यांनी तीन वेळा सांगितला, मी तीन वेळा मराठीत सांगितला. श्वास कधीही, कशासाठीही रोखायचा नाही. खाली घेतलेली हवा वर येताना फुगते. विमानात चिप्सचं पाकीट फुगतं तशी. छाती भरून, श्वास धरून माणूस वर आला तर फुप्फुस फाटू शकतं.

"अण्णा, कळलं ना? कुंभक अजिबात नाही."

"हं."

"हं नाही. सांगा बघू मी काय म्हणाले."

"धरायचा नाही. घ्यायचा, सोडायचा. कळलं गं, मला काय येत नाही का?" आणि हिगा-सानकडे बघून त्यांनी बोटांचा सुंदर गोल केला. त्या हसल्या. मला हसू आलं नाही. सुनेनं सांगितलेल्या औषधाच्या वेळांनाही अण्णा असंच 'हं' म्हणत आणि नंतर स्वतःच्या वेळेला घेत.

बोटीपासून एक दोर खाली तळापर्यंत गेला होता. तो धरून आम्ही उतरलो. उतरलो म्हणजे अण्णा उतरले, मला उतरवलं. कानात दुखत होतं, तोंडात रबर होतं, आणि माझाच श्वास मला एखाद्या घोरणाऱ्या माणसासारखा ऐकू येत होता. तळाची पांढरी वाळू आली तरी मी दोर सोडला नाही. हिगा-सान यांचा एक हात अण्णांच्या दंडावर, एक माझ्या. समोरून निळ्या माशांचा थवा गेला असेल, प्रसादनं नंतर विचारलं म्हणून सांगते, पण मी मासे बघितलेच नाहीत. मी अण्णांचे बुडबुडे बघत होते. ते येत होते, भसाभसा वर जात होते, आणि प्रत्येक झुबक्यासरशी मला थोडं बरं वाटत होतं.

मग डोळे आणि नाक झाकणाऱ्या माझ्या चष्म्यात पाणी शिरलं. नाकातोंडात खारट लागलं आणि मी हातपाय झाडायला लागले. हिगा-सान यांनी अण्णांना हातानं 'इथेच थांबा' असं खुणावलं आणि दोन्ही हातांनी माझा चष्मा धरला. तो कसा रिकामा करायचा ते किनाऱ्यावर शिकवलं होतं, त्यातलं मला काहीही आठवेना. त्यांनी माझं डोकं मागे केलं, मी नाकातून जोरात हवा सोडली, पाणी निघून गेलं आणि मला त्यांच्या खांद्यावरून पलीकडचं दिसलं.

अण्णा वाळूपाशी वाकले होते. तिथे एक मोठा शंख होता आणि त्यांनी त्यावर हात ठेवला होता. त्यांचे बुडबुडे बंद होते.

मी वाट बघितली. आत्ता येतील म्हटलं. अण्णांचे गाल फुगले होते, अगदी लिफ्टमध्ये फुगत तसे. छाती हवेनं भरलेली, त्यामुळे शंखावरचा हात आपोआप सुटला आणि ते वर सरकायला लागले. त्यांना ते कळलंही नसावं. मी बोट दाखवलं. हिगा-सान वळल्या, झेपावल्या आणि त्यांनी अण्णांच्या टाकी अडकवलेल्या जाकिटाचा पट्टा पकडून त्यांना वर जाण्यापासून अडवलं. त्यांनी तोंडापासून हात पुढे नेत 'सोडा, सोडा' अशी खूण केली. अण्णांनी बोटांचा गोल करून दाखवला. त्यांनी पुन्हा खूण केली. अण्णांनी पुन्हा गोल केला. चष्म्यामागे त्यांचे डोळे चमकत होते. आपलं काही चुकतंय याची त्यांना गंधवार्ताही नव्हती. उलट आपला दम बघून बाई खूश झाल्या, असंच त्यांना वाटत असणार. आता ते सुटण्यासाठी पायही मारायला लागले होते. कळशी मिळाल्यावर वर यायचं असतं ना.

माझा धंदा बोलण्याचा. सगळं आयुष्य एकाचं दुसऱ्याला सांगण्यात गेलं, आणि ज्या माणसाला आत्ता, या क्षणी एकच शब्द सांगायचा होता तिथे माझ्या तोंडात रबर होतं. मला आठवतं, मी दोराकडे बघितलं, त्यावरच्या माझ्या मुठीकडे बघितलं आणि मूठ उघडली.

कशी पोचले ते सांगता येणार नाही. अण्णांच्या जाकिटाला दोन्ही हातांनी लटकले. चष्म्याला चष्मा लागेल इतकी जवळ. दोन बोटं माझ्या डोळ्यांकडे नेली, मग त्यांच्याकडे. माझ्याकडे बघा. आणि असेल नसेल तेवढा श्वास मी बाहेर सोडला. माझे बुडबुडे त्यांच्या चष्म्यावर फुटले आणि क्षणभर अण्णा दिसेनासे झाले. मी पुन्हा घेतला, पुन्हा सोडला. बुडबुडे विरले तेव्हा अण्णा माझ्याकडे बघत होते. आधी ते नुसते बघत राहिले. मग त्यांच्या नळीतून एक झुबका निघाला, आणि पाठोपाठ मोठा, न संपणारा रेचक.

हिगा-सान आम्हाला अगदी सावकाश वर घेऊन आल्या. वाटेत दर थोड्या अंतरावर थांबत होतो. मी अण्णांवरची नजर काढली नाही. मी सोडला की ते सोडत.

बोटीवर हिगा-सान यांनी त्यांची छाती दुखते का, बोलताना त्रास होतो का, सगळं विचारलं. मी एकेक प्रश्न मराठीत विचारला आणि उत्तर जपानीत सांगितलं. सगळं ठीक आहे असं कळल्यावर माझा बांध फुटला. सासऱ्यांवर मी तोवर कधी आवाज चढवला नव्हता. "तुम्ही ऐकत का नाही कुणाचं? काय झालं असतं तुम्हाला? प्रसादला काय सांगायचं होतं मी?" प्रसाद शेजारीच टॉवेल घेऊन उभा होता, तो म्हणाला, "अगं, शांत हो," आणि मी त्याच्यावरही ओरडले.

अण्णांनी मान वर केली नाही. "ऐकलं होतं गं," ते म्हणाले. "पण तळाला हात लागला आणि मी विहिरीतच होतो. मला वाटलं, काठावर सगळे वाट बघतायत." मी प्रसादच्या हातातला टॉवेल घेऊन त्यांचं डोकं पुसलं. पुसून झाल्यावर खालूनच आवाज आला, "रेचक मात्र छान झाला आज तुझा."

त्या वर्षीपासून बागेतल्या वर्गात कुंभक कमी झाला. नव्या मंडळींना अण्णा सांगत, की धरणं पोरासोरांनाही येतं, माणसाला सोडता आलं पाहिजे. हे आपलं पहिल्यापासूनचं मत असल्यासारखं सांगत. लिफ्टमध्ये ते बोलायला लागले. मधल्या मजल्यावर त्या जपानी आजी आत आल्या की खालपर्यंत त्यांच्याशी चक्क मराठीत. आजी बिचाऱ्या "सो देस् का, सो देस् का", म्हणजे 'असं होय, असं होय', करत माना डोलवत. तुमचे सासरे हल्ली बरेच बोलतात, एवढंच त्या मला म्हणाल्या.

अण्णांची आणि माझी शेवटची भेट कसाई स्टेशनच्या फलाटावर झाली. ते पुण्याला हॉस्पिटलमध्ये होते. न्यूमोनियानं त्या लोहाराच्या भात्याची दैना केली होती. प्रसाद आधीच गेला होता, माझं विमान दुसऱ्या दिवशीचं होतं. मी ऑफिसात शेवटची कामं उरकायला निघाले होते, तेवढ्यात त्याचा व्हिडिओ कॉल आला. अण्णांच्या तोंडावर हवेच्या मशिनचा मोठा मास्क बांधला होता. मशिन हवा आत ढकलायचं आणि हे ती धरून ठेवायचे. मशिन सारखं ओरडत होतं. नर्स "आजोबा, सोडा ना श्वास," म्हणून विनवत होती. प्रसादचा आवाज फाटला होता. "ते फाइट करतायत मशिनशी. कुणाचं ऐकत नाहीयेत. तू सांग, प्लीज."

मी "अण्णा" म्हटलं आणि त्याच वेळी एक गाडी न थांबता धडधडत गेली. माझं मलाच ऐकू येईना. मी फोन तोंडासमोर धरला, दोन बोटं डोळ्यांकडे नेली आणि मग त्यांच्याकडे. आणि श्वास सोडला. पुन्हा घेतला, पुन्हा सोडला. गाडी निघून गेली. अण्णा पडद्यावरून माझ्याकडे बघत होते. मास्क आतून धुरकटला, मग निवळला, मग पुन्हा धुरकटला. मशिनचं ओरडणं थांबलं.

मी पुण्याला पोचले तोवर ते गेले होते.

पण त्या दिवशी प्रसादनं फोन लगेच बंद केला नाही. अण्णा शांत झालेले दिसले आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. आवाज निघू नये म्हणून मी ओठ घट्ट मिटून फलाटावर उभी होते. तेवढ्यात अण्णांचा सुया टोचलेला हात हळूहळू वर आला. दोन बोटं त्यांच्या डोळ्यांकडे गेली, मग कापत कापत माझ्याकडे वळली. मला आधी कळेना, आता काय हवंय यांना. मग त्यांनी मास्कच्या आत एक लांब श्वास सोडून दाखवला आणि माझ्याकडे बघत राहिले. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी मघापासून श्वास धरून उभी आहे.

मी सोडला.