मिठाची रास

पाऊस पाडण्यात तुमचा हात किती, असे कुणी विचारले तर तुम्ही काय दाखवाल? मी माझे तळवे दाखवीन. त्यांच्या भेगांत शिरलेल्या मिठाची आग गेल्या श्रावणातली आहे. अजून आठवली की मुठी वळतात.

त्या श्रावणात नागपूरवर ढग रोज येत आणि तसेच पुढे जात. तलावात चिखल उरला होता, आमच्या वस्तीचा नळ नुसताच फुसफुसत होता. अशात ट्रान्झिस्टरवर बातमी आली: विमानातून ढगांत बारीक मीठ फवारणार. मिठाच्या कणाभोवती पाणी जमते, थेंब जड होतो, खाली येतो. किती साधे, आणि किती भव्य! पण यंत्र गंजेल म्हणून चक्कीवाल्यांनी मीठ दळायला नकार दिला. मग शहरालगतच्या वाडी भागातल्या एका गोदामात पंधरा बाया जात्यांवर बसल्या आणि एरवी अंधश्रद्धेविरुद्ध पत्रके वाटणारा मी पोती उचलू लागलो.

तिसऱ्या दिवशी पांढरीशुभ्र रास उभी राहिली. दुपारी विमान उडायचे होते. ढग थोडेच आमच्यासाठी थांबणार! मी चहा घेऊन परतलो तर काय? सगळ्यांत वडील असलेल्या राधाबाईंनी राशीला हळदकुंकू वाहिले होते आणि खळ्यावरच्या ज्वारीला शिंपडावे तसे पंधराही जणी तांब्याने पाणी शिंपडत होत्या. मिठाचे गोळे झाले. ते फवाऱ्यातून निघणार कसे? मी पेटलो. अंधश्रद्धेवर बोलतच सुटलो.

"पाणी मागून राहिलो ना गा? मंग कोरडीच पूजा करू काय?" राधाबाई म्हणाल्या. मग एक गोळा बोटांनी फोडला आणि त्यांचा चेहरा उतरला. "चुकलं माह्यं. पण तुहं भाषण लय कोरडं हाये, तेच कालव याच्यात!"

गोदाम खदखदले, मीही हसलो. चुली पेटल्या, तवे चढले. सरपण संपले तेव्हा माझ्या पत्रकांचे गठ्ठे चुलीत गेले, आणि खरे सांगतो, ते शब्द इतके कधीच तापले नव्हते! मीठ भाजले, पुन्हा दळले, हात सोलपटले. ढग असतानाच ट्रक विमानतळावर पोचला आणि विमान उडाले.

संध्याकाळी गोदामाचे पत्रे वाजू लागले. तो पाऊस मिठाने आला की आपणहून, हे शास्त्रज्ञ तपासोत. पण आभाळाकडे नुसते बघणाऱ्या या शहरात पंधरा बायांनी आभाळाला काम लावले, हे कोण नाकारील? राधाबाईंनी सोललेले तळवे पावसात धरले. "आता तोच शिंपडून राहिला गा, मी नाही!"

यंदाही ढग तसेच चालले आहेत. जाती मांडली आहेत. उद्या सकाळी वाडीच्या गोदामात या. आणि येताना हात तेवढे कोरडे करून या.