सराफ्यात बदललेली काच

आता काय सांगू, स्वतःच्या अकलेचे दिवे स्वतःच दाखवायचे म्हणजे जिवावर येतं! पण चहा घेतलाच आहे, तर ऐका.

रिटायर झालो आणि दुर्बीण बनवायचं खूळ डोक्यात शिरलं. तिच्या आरशासाठी ताटलीएवढी गोल, जाड काच मागवली. कडा अशी धारदार, की हात लागला की रक्त! ती आधी घासून घ्यावी लागते, नाहीतर पुढे आरसा घासताना टवके उडतात.

सराफ्यात मुन्ना भैया म्हणून खडे घासणारे आहेत. काच पाहून म्हणाले, "बढ़िया माल है बाबूजी! चार बजे आइए."

माल? इथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

"मी बसतो ना इथेच," म्हटलं.

"पानी उड़ेगा," म्हणाले, आणि काच घेऊन पडद्यामागे! आता पडदा काहून लागतो, सांगा बरं? फटीतून डोकावलो, तर मागच्या फळीवर हुबेहूब तशीच गोल काच!

पण मी काय कच्चा आहे? घरूनच काचेवर पक्क्या शाईचे तीन ठिपके देऊन आणले होते. गुपचूप!

चारला बायकोला, शालिनीला, साक्षीदार म्हणून घेऊन गेलो. भैयांनी काच पुसून हातात दिली. उलटसुलट पाहिली. एकही ठिपका नाही!

"माल बदल दिया!" मी असा ओरडलो, की समोरचे सोनार दुकान सोडून धावले. "मेरा निशान कहाँ गया?"

"कैसा निशान?" मुन्ना भैया पांढरे पडले.

शालिनीने बाही ओढली. "अहो, हळू! काय करून राहिले तुम्ही? ठिपके दिले कुठे होते?"

"कडेवर. मधली बाजू खराब व्हायला नको ना!"

"आणि यांना घासायला काय दिलं?"

"...कडा."

गल्ली जी हसली म्हणता!

फळीवरची ती काच दुसऱ्याच गिऱ्हाइकाची निघाली. मी हात जोडले. माणूस भला. स्टुलावर बसवलं, चहा मागवला. "छोड़िए बाबूजी. वैसे नौकरी में क्या करते थे?"

आता काय सांगणार? तीस वर्षं कारखान्यात माल तपासायचं काम केलं, दुसऱ्याच्या चुका पकडण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता!

कपात बघत म्हणालो, "जी, संगीत सिखाता था."

शालिनीला ठसका लागला.

"अरे वाह!" भैया खुलले, सोनारांना हाक मारली. "तो एक भजन हो जाए!"

आणि हो, गायलो मी. दोन कडवी.