स्टोअरकाकांनी आवरलेलं घर

आमच्या समोरच्या दारात राहणाऱ्या गृहस्थांना अख्खी इमारत स्टोअरकाका म्हणते. पंप बनवणाऱ्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये त्यांनी उभा जन्म काढला. नट, बोल्ट, वायसर, बेअरिंग, प्रत्येकाला खण ठरलेला आणि प्रत्येक खणावर काळ्या शाईत ठसठशीत चिठ्ठी. जिन्यात कोणी "लक्षात ठेवतो" असं म्हटलं की काका लगेच अडवत. म्हणत, डोक्यात काही ठेवू नका, डोकं उद्या रजेवर जाईल, चिठ्ठीवर ठेवा. माणूस बदलला तरी माल सापडला पाहिजे. आणि वर्षभर ज्याला कोणी हात लावला नाही, ते सरळ मोडीत.

या माणसाच्या नशिबात बायको आली ती काकू. काकूंच्या घरात काडेपेटी खिडकीच्या कठड्यावर, मीठ जुन्या पितळी डब्यात, साखर फुटक्या कानाच्या बरणीत, कात्री रेडिओच्या मागे, आणि दारातून आत पाऊल टाकलं की ऐन वाटेत एक तिरकं लाकडी स्टूल. त्या स्टुलाला मीही धडकायची आणि काका तर रोज संध्याकाळी कामावरून आले की हटकून धडकायचे. मग आवाज यायचा, "हे घर आहे की मोडीचा ढीग?" आतून काकू म्हणायच्या, "मोडीत काढायचंच झालं तर आधी मला काढा." एवढं झालं की दोघं चहा प्यायचे. काका पलंगाच्या कडेवर टेकून, काकू ओट्याशी उभ्या.

मी घरी शिवणकाम करते, त्यामुळे दिवसा इमारतीत माझं आणि काकूंचंच राज्य. काही मागायला गेलं तर काकू गप्पा न थांबवता, माझ्याकडे तोंड ठेवूनच नुसता हात मागे न्यायच्या आणि हवी ती वस्तू पुढे यायची. मला त्या हाताचा हेवा वाटायचा. माझ्याकडे सगळं कपाटात आणि काही म्हणजे काही वेळेवर सापडत नाही. काकूंना सापडायचा नाही तो फक्त चष्मा. सुईत दोरा ओवायचा असला, विजेचं बिल वाचायचं असलं की हाक यायची, अगं, चष्मा कुठे उलथलाय देव जाणे, या पसाऱ्यात सापडेल तर शपथ, तूच जरा बघ. मी बघायची, दोरा ओवून द्यायची, बिल वाचून दाखवायची. त्यात बघण्यासारखं आणखी काही आहे, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

काका निवृत्त झाले आणि लगेच लेकीचं बाळंतपण आलं. काकू दूरच्या शहरात लेकीकडे गेल्या आणि काका घरात एकटे राहिले. सुरुवातीला ते रोज सकाळी कपडे करून कारखान्याच्या फाटकापर्यंत जायचे आणि परत यायचे. मला म्हणाले, नवीन पोरगा आहे, अडला तर फोन करेल. फोन काही आला नाही. येणार कसा? चिठ्ठ्याच इतक्या चोख लावून ठेवल्या होत्या की त्या पोराला काकांची गरजच पडली नाही. माणूस बदलला आणि माल सापडला. हे बोलून दाखवायला ते कोणाकडे गेले नाहीत, पण दुपारी ते जिन्याच्या कठड्याला टेकून उगाच खाली बघत उभे असायचे. घरात फोन करायलाही त्यांना धड जागा नव्हती. काकूंशी उभ्या उभ्या बोलायचे आणि ठेवून द्यायचे.

मग एक दिवस खाली भंगारवाल्याची हातगाडी थांबलेली दिसली आणि काका बाह्या सरसावून वर-खाली करताना दिसले. स्टूल गेलं. पितळी डबा गेला, फुटकी बरणी गेली, भिंतीलगतचं बुटकं कपाट गेलं. सारख्या आकाराचे, सारख्या झाकणाचे डबे आले. प्रत्येकावर पांढरी पट्टी आणि काळी अक्षरं: मीठ, साखर, चहा. खिळ्यांवरसुद्धा चिठ्ठ्या होत्या. एका खिळ्यावर "चष्मा" लिहिलं होतं आणि खाली काकूंचा जुना चष्मा लटकत होता. काकांचा चेहरा असा फुलला होता की विचारू नका. "आयुष्यभर शोधाशोध केली बिचारीने," ते म्हणाले. "आता डोळे मिटून सापडेल तिला सगळं."

काकू आल्या त्या दिवशी काकांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. काकू दारातून आत शिरल्या, चपला काढल्या आणि सवयीने हातातली पिशवी उजवीकडे ठेवली. तिथे स्टूल नव्हतं. पिशवी धाडकन खाली पडली, काहीतरी फुटलं. काकू जागच्या जागी थिजल्या. काका हसत म्हणाले, बघ तरी, घर बघ. काकूंनी मान हळूहळू फिरवली आणि म्हणाल्या, "छान झालंय." बुटकं कपाट जिथे असायचं, त्या मोकळ्या भिंतीकडे बघून म्हणाल्या.

त्यानंतर काकूंचा आवाजच येईनासा झाला. चहात मीठ पडलं. काका म्हणाले, अगं, वर लिहिलंय ना. दुसऱ्या दिवशी पुन्हा पडलं, तेव्हा त्यांनी अक्षरं आणखी मोठी केली. मग काकूंनी चहा करणंच सोडलं. पलंगाच्या कडेला बसून राहायच्या, हात मांडीवर. काका हवं-नको बघायचे आणि माझ्या दारात येऊन कुरकुरायचे, की तिला न विचारता आवरलं म्हणून रुसली आहे, इतकं केलं त्याचं काही नाही. मलाही आधी तसंच वाटलं.

काका बाजारात गेले असताना मी साखर मागायला गेले. काकू ओट्याशी उभ्या होत्या. त्या सगळ्या सारख्या डब्यांवरून बोटं फिरवत एकेक झाकण काढून नाकाला लावत होत्या. मी आले हे त्यांना कळलं नाही. मी म्हटलं, काकू, चष्मा तिथे खिळ्यावर आहे, देऊ का? त्यांनी डबा खाली ठेवला.

"चष्म्याने काय होणार आहे?" त्या म्हणाल्या. "मला नुसता उजेड दिसतो. किती वर्षं झाली, तसंच आहे. या घरात मला दिसत होतं, कारण हाताला सगळं ठाऊक होतं. यांना सांगितलं असतं तर यांनी मला स्टोव्हपाशी फिरकू दिलं असतं का? दिसत नाही म्हटलं की घर सुटलं, एवढं मला कळत होतं. आणि बघ, न सांगताच सुटलं."

लेकीकडे कसं निभावलं, ते मी विचारलं. त्या म्हणाल्या, तिथे मी पाहुणी होते, बाळ मांडीवर होतं, पाहुण्याला कोण उठू देतंय? बसून दिवस काढले आणि घरी कधी जाते असं झालं होतं.

तोंड गप्प ठेवणं मला जन्मात जमलेलं नाही. काका भाजीची पिशवी घेऊन जिना चढत होते, तिथेच मी त्यांना गाठलं आणि तोंडाला येईल ते बोलले. कसला खण आणि कसल्या चिठ्ठ्या घेऊन बसलात, म्हटलं, बायकोला दिसत नाही आणि तुम्ही अक्षरं मोठी करताय. काका पायरीवर बसले. पिशवी कलंडली, टोमॅटो घरंगळत खालच्या मजल्यावर गेले. ते उचलायला कोणी उठलं नाही. काका एवढंच म्हणाले, की रोज संध्याकाळी मी तिच्यासमोर चहा पीत होतो.

डॉक्टरांनी दोन्ही डोळे तपासले आणि उशीर झाला म्हणाले. लेक आली. आई पलंगावर बसून असते, हे बघून तिने आईचे कपडे भरले आणि बाबांनाही चला म्हणाली. काकूंनी चपला पायात सरकवल्या. निघताना मला जवळ घेऊन म्हणाल्या, "तिथे अनोळखी आणि इथेही अनोळखी. तिथे निदान बाळाचा आवाज आहे." काका मात्र गेले नाहीत. म्हणाले, घर होतं तसं करतो, मग तिला घेऊन ये.

होतं तसं म्हणजे कसं, इथेच सगळं घोडं अडलं. साऱ्या संसारात काकांनी घराकडे कधी नीट बघितलंच नव्हतं. डोक्यात काही ठेवायचं नाही हा नियम, आणि काकूंच्या पसाऱ्यावर तर चिठ्ठी नव्हती. स्टूल होतं एवढं त्यांना आठवे, पण दारापासून किती लांब, ते आठवेना. ते मी सांगितलं, कारण ते माझ्या गुडघ्याला पाठ होतं. भंगारवाल्यांकडे खेपा घालून डबा, बरणी आणि बुटकं कपाट परत मिळालं, पण जुनं स्टूल मिळालं नाही, तेव्हा ते सुताराकडून नवीन करून घेतलं आणि त्याचा एक पाय मुद्दाम आखूड करायला लावला. सुताराला वाटलं, म्हातारा चळला.

बाकीचं फोनवर चालायचं. स्वयंपाकघराच्या दारापाशी त्यांनी एक खुर्ची आणून ठेवली होती, कारण तिथून दोन्ही खोल्या दिसत. तिच्यात बसून ते काकूंना विचारायचे, काडेपेटीच्या डावीकडे काय होतं गं? बरणी पुढे की डबा पुढे? काकूंना सांगता यायचं नाही. त्या म्हणायच्या, मला नाही माहीत, हाताला माहीत होतं. लेक मला सांगायची की आई फोन कानाला लावून हवेत हात फिरवत बसते आणि मग म्हणते, थोडं खाली असावं. इकडे काका उठून डबा थोडा खाली ठेवायचे. फोन संपला की घर पुन्हा गप्प व्हायचं. मग ते डोळे मिटून चालायचे. दार उघडंच असायचं, त्यामुळे मला दिसायचं. एक बुटका म्हातारा हात पुढे करून रिकाम्या घरात चाचपडतोय, आणि "सापडलं का?" असं विचारायलासुद्धा आत कोणी नाही. मी मशीन थांबवायची आणि पुन्हा सुरू करायची. चिठ्ठ्या त्यांनी एकेक करून नखाने खरवडून काढल्या.

अखेर लेक काकूंना घेऊन आली. तिने आधीच स्पष्ट सांगितलं होतं. आईला आपलं आपण वावरता आलं तर राहू दे, नाहीतर घराला कुलूप लावायचं आणि दोघांनीही तिच्याकडे यायचं. काका भिंतीला पाठ लावून उभे राहिले. काकू दारातून आत आल्या, चपला काढल्या, हातातली पिशवी उजवीकडे ठेवली. पिशवी स्टुलावर बसली. माझा जीव भांड्यात पडला. काकू पुढे गेल्या. हात खिडकीच्या कठड्यावर गेला, काडेपेटीला लागला. रेडिओ, त्याच्यामागे कात्री. काकूंची पावलं झपझप पडायला लागली, अगदी पूर्वीसारखी, आणि तशाच झपाट्याने स्वयंपाकघराकडे वळताना त्या खुर्चीवर जोरात आदळल्या.

लेक धावली. "बाबा, बघितलंत ना?" ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"चुकलं माझं," काका म्हणाले. "काढतो, आत्ता काढतो." त्यांनी खुर्ची ओढायला घेतली, पण काकूंनी तिची पाठ घट्ट धरून ठेवली होती. दुसऱ्या हाताने त्या खुर्चीचा हात चाचपत होत्या, गादी चाचपत होत्या. गादीला मध्ये खळगा पडला होता.

"ही कुणाची?"

"माझीच. तुला फोन करायला बसायचो."

"इथे बसून होय? मला वाटायचं, तुम्ही उभ्यानेच बोलता." काकूंनी गादीच्या खळग्यावर तळवा ठेवला. "माझ्या घरात तुमची खुर्ची कधी नव्हतीच की हो."

काकांनी पुन्हा खुर्ची ओढली. काकूंनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "एकदा धडकले ना, आता लक्षात राहील."

त्या खुर्चीला वळसा घालून त्या आत गेल्या. मागोमाग लेक गेली. आतून डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. काका मात्र आत गेले नाहीत. ते त्या खुर्चीत बसले आणि तिचे दोन्ही हात धरून राहिले, कारण आता ती जागची हलून चालणार नव्हतं.