उपासाच्या महिन्यातलं टार्गेट

वसईतल्या वालीवला मी ज्या खोक्यांच्या कारखान्यात सुपरवायझर होते, तो मंदीत बंद पडला. दोन-अडीच वर्षांनी तिथल्या गाळ्यांची शटरं पुन्हा वर जायला लागली, बाजार सावरला म्हणून पेपरात छापून यायला लागलं, तेव्हा मी आशेने दारोदार फिरले. एकाने तोंडावर सांगितलं, "मावशी, आम्हाला विशीतल्या मुली पाहिजेत." मी बेचाळीस वर्षांची. मावशी म्हणे! घरी येऊन ह्यांना सांगितलं, आता कुणाच्या दारात उभी राहणार नाही. प्रॉव्हिडंट फंडाचा पैसा टाकला आणि मुंबईच्या एका केकवाल्या कंपनीची फ्रँचायझी घेतली.

हे चिडले नाहीत, घाबरले. "अगं, आपल्या सात पिढ्यांत कुणी दुकान टाकलं नाही." म्हटलं, मग आठवी टाकेल.

दुकान चर्चकडे जाणाऱ्या रस्त्यावर. बोर्ड कंपनीचा, काचेचा फ्रीज कंपनीचा, केक रोज कंपनीच्या गाडीतून यायचे. माझं म्हणाल तर भाड्याचा गाळा आणि मी. पायरीवर जवळच्या होळी नावाच्या गावातली एक ख्रिस्ती बाई वाडीतली भाजी घेऊन बसायची. मी तिला मावशी म्हणायचे, ती मला बाय. नाताळच्या तोंडावर दुकान उघडलं आणि काय सांगू, पाठ टेकायला वेळ नाही. कंपनीचा टायवाला साहेब खूश. त्याने डिसेंबरचा आकडा दुप्पट करून मार्चचं टार्गेट लिहिलं. चुकलं तर फ्रँचायझी रद्द, डिपॉझिट जप्त, हेही वाचून दाखवलं. मी पंधरा वर्षं वसईत राहिलेली, पण फ्लॅट ते कारखाना एवढीच वसई पाहिलेली. टेचात सही ठोकली.

मार्च लागला आणि गिऱ्हाईक गायब. दिवसाला चार पेस्ट्र्या गेल्या तरी नशीब. मी मावशीला विचारलं तर ती हसायलाच लागली. "बाय, आमचा उपासाचा काळ लागला. चाळीस दिस आमी गोडाला हात नाय लावीत. लगीन नाय, पार्टी नाय." कप्पाळ माझं! माझं जवळजवळ सगळं गिऱ्हाईक ख्रिस्ती, आणि त्यांचं वर्ष कसं चालतं हे एका अक्षराने न विचारता मी सही करून बसले होते.

टार्गेट अर्थातच चुकलं. साहेब आला, त्याला समजावलं, "अहो, श्रावणात कोंबडीवाल्याला कुणी टार्गेट देतं का?" तो म्हणाला, "मॅडम, सिस्टीममध्ये श्रावण नाही." मग मोठ्या उपकाराने त्याने शेवटची संधी दिली. गुड फ्रायडेचा लाँग वीकेंड. शुक्रवारी दहा वाजता फुगे, स्पीकर, एकावर एक केक फुकट.

मी म्हटलं, शुक्रवारी दुकान बंद.

ह्यांनी अक्षरशः हात जोडले. "एक दिवस स्पीकर लावलास तर आभाळ कोसळणार आहे का?" खोटं कशाला बोलू, सगळी पुंजी त्यात होती. पण दुसऱ्याच्या सुतकात पिपाणी वाजवणाऱ्यातली मी नाही. "धर्माचं मला काही कळत नाही," मी म्हटलं, "गिऱ्हाईक कळतं. उद्या कुठल्या तोंडाने त्यांना या बसा म्हणू?"

शुक्रवारी साहेब दोन माणसं आणि शिडी घेऊनच आला. मी बंद शटरसमोर खुर्ची टाकून बसले होते. रस्त्याने माणसं चर्चला चालली होती, गुपचूप, पोरंसोरंसुद्धा. "उघडा, नाहीतर इथे सही करा." फ्रँचायझी सोडल्याचा कागद होता. मी सही केली. लगेच त्याचा माणूस बोर्ड उतरवायला शिडीवर चढला, तशी मी शिडीच धरली. "आज चर्चची घंटासुद्धा वाजत नाही, आणि तुमचा हातोडा वाजणार? सोमवारी या." जाणारी चार माणसं थांबली. साहेबाने माणसाला खाली उतरवलं.

मावशीची सून घरी केक करायची, अगदी लग्नाचेसुद्धा. शुक्रवारी संध्याकाळी मावशीनेच आपणच केक करून विकायचा विषय काढला. शनिवारभर आम्ही तिघी तिच्या स्वयंपाकघरात उभ्या होतो, अंडी फेटून दंड भरून आले. ईस्टरच्या सकाळी मी दुकान उघडलं. दुसऱ्याच्या नावाखाली आपला माल कशाला विका, म्हणून बोर्डावर घरची चादर टाकली. मिसा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, सुटली आणि अकरापर्यंत फडताळ रिकामं. हे गुडघ्यावर बसून खोकी बांधत होते, घाबरायला वेळच मिळाला नाही त्यांना.

सोमवारी साहेब टेम्पो आणि शिडी घेऊन आला. दुकानात सात-आठ बायका मे महिन्यातल्या लग्नांचे केक सांगायला उभ्या. तो मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "मॅडम, मी वर बोलतो. कागद फाडून टाकू. इथे ईस्टरनंतर सीझन असतो, आम्हाला कल्पना नव्हती."

मी शिडीवर चढले, चादर ओढून काढली, खाली उतरून तिची नीट घडी घातली.

"बोर्ड न्या," म्हटलं. "फ्रीजही न्या. चादर माझी आहे."