केकच्या दुकानाची रंगीत तालीम

चाकाचा शोध लागला नसता तर माझ्या नणंदेचे यजमान जगातले सर्वांत सुखी गृहस्थ झाले असते. सरकारी नोकरीत आयुष्यभर त्यांनी रस्त्यांवरची रहदारी मोजली आणि जितकी मोजली तितके ते तिला घाबरत गेले. रिक्षात मागे बसतानाही ते हेल्मेट घालतात. देवळात प्रदक्षिणा घालताना प्रत्येक कोपऱ्यावर हात दाखवून वळतात. मालेगावला आमच्या पुतणीच्या लग्नात, वरणवाला आणि भातवाला समोरासमोर येऊ नयेत म्हणून त्यांनी सगळ्या वाढप्यांना एकाच दिशेने फिरायला लावलं. शेवटच्या पानावर भात पडेपर्यंत पहिल्या पानावरचे लोक हात धुऊन विडा खात होते. पण एकही धडक झाली नाही, हे भाऊजी अजून अभिमानाने सांगतात.

अशा माणसाला मी दुकानाबद्दल विचारायलाच नको होतं. इंदिरानगरात, अगदी वळणावर, माझं किराणा आणि जनरल स्टोअर आहे. शेजारचा शिंपी गाळा सोडून गेला तेव्हा तिथे केक-पेस्ट्रीचं दुकान काढायचं मी ठरवलं. भाऊजींना मी फक्त फळ्या कुठे ठोकाव्यात एवढंच विचारलं. त्यावर त्यांनी मला विचारलं, "वहिनी, गाड्या किती वाढतील?" जितक्या वाढतील तितकं बरं, असं मी म्हटल्यावर त्यांनी प्यायला पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवसापासून ते माझ्या फ्रीजशेजारी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायला लागले. आलेल्या प्रत्येकाला विचारायचे, कशावरून आलात, इथून कुठे जाणार, शेजारी केक मिळाला तर थांबाल का, आणि थांबलात तर इंजिन बंद करणार की चालू ठेवणार. दोन गिऱ्हाइकं त्यांना इन्कमटॅक्सवाले समजून साबण न घेताच निघून गेली. आठवडाभराने त्यांनी निष्कर्ष सांगितला. दोन दुकानं म्हणून दुप्पट गाड्या, हा हिशेब चूक. दुधाला येणारा माणूसच जाता जाता केक नेणार. मी सुटकेचा निःश्वास टाकला. तो त्यांनी पूर्ण होऊ दिला नाही. "गाड्या थोड्याच वाढतील, पण थांबतील फार. दूध घ्यायला विचार करावा लागत नाही, केकला लागतो. आणि तेवढा वेळ मागून येणाऱ्याला वळण दिसणार नाही."

मला हसू आलं, पण त्या दिवसापासून बाहेर ब्रेक वाजला की माझा तराजूवरचा हात थांबायला लागला. माणसाची धास्ती अशी खोकल्यासारखी लागते. शेवटी मीच म्हटलं, एकदाचं काय ते बघूनच टाकू.

भाऊजींनी रंगीत तालीम ठरवली. माझ्या भिशीतल्या बायकांनी ऐन संध्याकाळी स्कूटर घेऊन यायचं, बंद गाळ्यासमोर लावायची आणि केक निवडायला लागेल तेवढा वेळ उभं राहायचं. बायका आल्या. नसलेला केक निवडायला त्यांना जेवढा वेळ लागला तेवढ्यात खरा भाजून झाला असता. गर्दी बघून सेल लागला असेल म्हणून आणखी लोक थांबले. रिक्षा थांबल्या. एका मोटारवाल्याने रस्त्यातच गाडी उभी करून काच खाली केली आणि काय स्वस्त आहे, असं विचारलं. पाण्याचे जार पोचवणारा टेम्पो अडकला आणि मागे यायला लागला.

नेमक्या त्याच वेळी समोरच्या सोसायटीतल्या कांबळे बाई, निवृत्त मुख्याध्यापिका, काठी टेकत रोजच्यासारख्या दुधाला निघाल्या होत्या. त्या टेम्पोच्या मागे होत्या. त्यांना कमी ऐकू येतं. मी ओरडले, पण हॉर्नच्या कल्लोळात माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. काउंटरला वळसा घालून मी दाराशी आले.

आणि मी भाऊजींना धावताना पाहिलं. रिकामा रस्ताही तीनदा बघून ओलांडणारा हा माणूस उजवं-डावं न बघता स्कूटरींच्या मधून घुसला, टेम्पो आणि बाईंच्या मध्ये उभा राहिला आणि दोन्ही हातांनी टेम्पोचा पत्रा बडवायला लागला. टेम्पो थांबला. त्याच्या आणि भाऊजींच्या छातीच्या मध्ये वहीसुद्धा उभी राहिली नसती. भाऊजी पांढरेफटक, नखशिखांत थरथरत होते. मागे काय घडलं त्याचा बाईंना पत्ताच नव्हता. त्यांना एवढंच दिसलं की एक भला माणूस भर रस्त्यात घाबरून उभा आहे. बाईंनी त्यांचा हात धरला. "घाबरू नका. चला माझ्याबरोबर, मी आहे ना." आणि त्यांना माझ्या दुकानापर्यंत आणून सोडलं.

शिंप्याच्या गाळ्याचं रस्त्याकडचं शटर मी उघडलंच नाही. मागच्या गल्लीकडे दार पाडलं. तिथे गाड्या निवांत उभ्या राहतात. दुकान रस्त्यावरून दिसत नाही, त्यामुळे धंदा बेताचाच आहे. चालायचंच.

त्यानंतर बाई रोज संध्याकाळी समोरच्या फाटकाशी भाऊजींची वाट बघायच्या. भाऊजी माझ्या दुकानातल्या खुर्चीवरून उठून, तीनदा बघून, तिकडे जायचे आणि दोघं हात धरून रस्ता ओलांडायचे. कोण कुणाला नेतंय, यावर दोघांचं मत वेगळं होतं. मी कधी निवाडा केला नाही.

गेल्या उन्हाळ्यात भाऊजी मुलाकडे पुण्याला राहायला गेले. बाई आता एकट्या येतात. मी दारात उभी राहून टेम्पोवाल्यांकडे डोळे वटारते. परवा दुधाची पिशवी घेताना त्यांनी विचारलं, "तिकडे त्यांना रस्ता कोण ओलांडून देतं?"

मी म्हटलं, मुलगा आहे ना.

"मुलगा कामाला जात असेल," बाई म्हणाल्या. "संध्याकाळी कोण असतं?"