खालच्या बॅचचं रॉकेट

सरांनी माझा पेपर उचलला आणि मला वर नेलं. पेपर पुढं, मी मागं. आमच्या राजापेठेतल्या क्लासचा वरचा मजला म्हणजे स्टार बॅच. एसी असा, की हिवाळ्यानं तिथं शिकवणी लावावी. आम्ही मूर्तिजापूरकडून बसनं येणाऱ्या पोरी खाली, मागच्या टिनाच्या शेडमध्ये. टिनावर पापड टाकला तर भाजून वर तूपही मागेल.

सरांनी वर्गापुढं पेपर फडकवला. "बघा, हे खालच्या बॅचचं रॉकेट."

पृथ्वीच्या त्रिज्येइतक्या उंचीवरून यान सोडायचं होतं. मुक्तिवेग किती, म्हणजे पृथ्वीच्या ओढीतून कायमचं सुटायला किती वेग लागेल? मी लिहिलं, सेकंदाला ११.२ किलोमीटर. अख्ख्या शेडनं तेच लिहिलं. तेवढंच पाठ करायला दिलं होतं. तो आकडा जमिनीवरून सुटण्याचा, हे कोणी सांगितलंच नव्हतं.

वर्ग हसला. असा, की तिकडं बडनेरा स्टेशनात उभी गाडी दचकली असेल.

मान खाली जाणारच होती. तेवढ्यात फळा दिसला. न पुसलेला. गतिज ऊर्जा अधिक स्थितिज ऊर्जा बरोबर शून्य. तिथून पायरीपायरीनं मुक्तिवेग काढलेला.

वर्षभर मी विचारत होते, "सर, हे कुठून येते?" सरांचं ठरलेलं, "तुमच्यासारख्यांना कारण नाही, उत्तर लागतं."

आणि कारण इथं होतं. एक जिना वर.

"सर, हे आमाले कावून नाही शिकवलं?"

"झेपणार नाही. जा खाली."

मी गेले नाही. खडू उचलला. केंद्रापासूनचं अंतर दुप्पट, म्हणून त्रिज्येच्या जागी दुप्पट त्रिज्या. यानाचं वस्तुमान दोन्हीकडून उडालं. मंत्र्याचं यान असो की आमच्या वावरातलं ढेकूळ, वेग तोच. बॅच कोणती, हे पृथ्वी विचारत नाही. उत्तर सेकंदाला ७.९ किलोमीटर.

कोणी हसलं नाही. सरांनी डस्टर पुढं केलं.

"पुसून टाक."

"नाही पुसत. आधी खाली येऊन हेच शिकवा."

सर ते शिकवायला खाली आले नाहीत. दुसऱ्या दिवशी मीच शेडच्या फळ्यावर सगळं लिहिलं. माझ्या बाकावरची शबाना घाबरली. "अवं, क्लासातून काढतीन ना तुले!"

"काढू दे. सूत्र घरी बसूनबी पाठ होते. मले कारण पाहिजे."

सरांनी आल्या आल्या फळा पुसला. मी पुन्हा लिहिलं. आता रोज तेच चाललंय. ते पुसतात, मी लिहिते. कारण सांगितल्याशिवाय यापुढं एकही सूत्र मी पाठ करणार नाही. आणि उद्या लिहायला शबानाही उठणार आहे.