मिठागराकडची शांत खोली

परवा पुण्याहून मुलीचं पत्र आलं. गावातलं गजबजलेलं वसतिगृह घेऊ, की बाहेरचं शांत? वाचता वाचता मला खाडीच्या चिखलाचा वास आला.

साठ सालानंतरची गोष्ट. कॉलेजसाठी मी पनवेलला खोली शोधत होतो. बाजारातली खोली भातगिरणीला लागून, दिवसभर भिंती थरथरायच्या. इंटर सायन्सला नापास झालास तर दुकानात बसवीन, असं वडिलांनी बजावलं होतं. म्हणून मी मिठागराच्या कडेची खोली पाहिली. भिंतींना कमरेपर्यंत पांढरी पुटं चढलेली, आणि खाली काहीच नाही. भांडी, गोधड्या सगळं माळ्यावर. किती हा टापटीपपणा, मला वाटलं.

मालकीणबाई म्हणाल्या, "शिकाला बरी हाय. पन अवस-पुनवेला इथं रावू नको, बाला. बाजारान जा."

"का मावशी, भूत येतं?" मी हसत विचारलं.

त्या हसल्या नाहीत. "सांगाचं काम माजं," एवढंच म्हणाल्या.

मी पडलो विज्ञानाचा विद्यार्थी. ट्रंक, वह्या, सगळं जमिनीवर मांडलं. भरती-ओहोटीच्या प्रश्नाला मला दहापैकी नऊ गुण मिळाले होते, हेही सांगून टाकतो.

पौर्णिमेच्या भर दुपारी दाराखालून पाणी आत आलं. आवाज अजिबात नव्हता. दार उघडलं, तर बाजाराकडे जाणारी बांधावरची वाट कुठेच दिसेना. पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा लक्षात आलं, मावशींनी भुताचं नावही घेतलं नव्हतं. ते मीच घेतलं होतं.